वर्गातल्या प्रकल्पांतून अ‍ॅप आणि अभियांत्रिकी शिकवणे : आपले अनुभव आणि मते हवी आहेत

अवजार (धागाकर्ता)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीच्या पदविका वर्गांना शिकवतो. अभ्यासक्रमात विषयागणिक मायक्रोप्रोजेक्ट (छोटा प्रकल्प) आणि शेवटच्या वर्षाला कॅपस्टोन म्हणजे समारोपाचा मोठा प्रकल्प आला, तेव्हा मुले हाताने काम करून शिकतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी काय घडते हे येथील अनेकांना ठाऊक असेल. सत्रभर फळ्यावर सिद्धान्त शिकवला जातो, सबमिशन तोंडावर आले की चौघांचा गट कुठून तरी तयार कोड उतरवून घेतो, त्यातली नावे आणि रंग बदलतो, ब्लॅक बुक (प्रकल्पाचा अहवाल) बांधून आणतो आणि एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, अ‍ॅपची दोन-तीन पाने उघडून दाखवतो. ते अ‍ॅप त्या दिवसानंतर कोणीही उघडत नाही.

माझे मत असे आहे की प्रकल्प सत्राच्या शेवटी नव्हे, पहिल्याच आठवड्यात हाती द्यावा, आणि सिद्धान्त जसजसा अडेल तसतसा शिकवावा. दुसरे असे की प्रत्येक प्रकल्पाला वर्गाबाहेरचा एक तरी खरा वापरणारा माणूस असावा आणि त्यात मोजून तपासता येईल अशी एक तरी गोष्ट असावी. या दोन अटी नसतील तर तो प्रकल्प फक्त सजावट ठरतो.

ज्यांनी असे शिकवले आहे किंवा जे असे शिकले आहेत त्यांनी लिहावे. सुरुवात कोणत्या साधनाने करावी, पाया आधी की प्रकल्प आधी, आणि चौघांच्या गटात गुण कसे द्यावेत, या तीन गोष्टींवर मी विशेष अडलो आहे.

तारतंत्री

मोजून तपासण्याच्या अटीशी मी पूर्ण सहमत आहे, आणि ती अट किती दूरवर नेते हे एका उदाहरणाने सांगतो. वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीत किती पाणी आहे हे मोबाइलवर दाखवणारे अ‍ॅप हा आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी निवडतोच असा विषय. अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि ब्लूटूथ मॉड्यूल असा सगळा ऐवज पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. सेन्सर ध्वनी सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि गेलेला वेळ मायक्रोसेकंदांत मोजून त्याला सुमारे ५८ ने भागले की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. इथपर्यंतचे काम सगळे गट एका दुपारी करतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रकल्प इथेच संपतो.

मी तिथून पुढे सुरुवात करतो. हा ५८ कुठून आला, असे विचारतो. मग ध्वनीचा वेग निघतो : २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पण एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतली हवा २० अंशांवर असते का? हवा ४० अंशांवर गेली की वेग सुमारे ३५५ मीटर होतो. म्हणजे १०० सेंटिमीटर अंतर सेन्सरला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास कमी वाटते, आणि टाकीचा व्यास एक मीटर असेल तर अ‍ॅप सुमारे २७ लिटर पाणी जास्त दाखवते. हे गणित मुलांनी कागदावर केले, मग दोरीला वजन बांधून टाकीत सोडले आणि सकाळी व दुपारी अ‍ॅपचा आकडा ताडून पाहिला. आठवीतले दंडगोलाचे घनफळ आणि अकरावीतले ध्वनीचे प्रकरण ही दोन्ही त्यांना तेव्हा पहिल्यांदा कामाची वाटली. तापमानाचा सेन्सर जोडायला कोणी सांगितले नाही, त्यांनीच मागितला.

दुसरी एक गोष्ट. हा सेन्सर २ सेंटिमीटरपेक्षा जवळचे मोजू शकत नाही. टाकी काठोकाठ भरली की आकडे वेडेवाकडे येऊ लागतात, आणि अ‍ॅपची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. मग सेन्सर झाकणाच्या वर उचलून बसवावा लागतो. मर्यादा ओळखून तिच्याभोवती रचना करणे हा अभियांत्रिकीचा गाभा आहे, आणि तो व्याख्यानातून उतरत नाही.

उत्तरा_स

तारतंत्री यांचे उदाहरण आवडले, पण धागाकर्त्यांच्या पहिल्या मताशी मी असहमत आहे. पहिल्याच आठवड्यात प्रकल्प हाती देणे हे ज्यांना आधीच थोडे येते त्यांच्या सोयीचे असते. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. माझ्या वर्गात बारावीपर्यंत संगणकाला हातही न लावलेली मुले असतात आणि घरी लॅपटॉप असलेली, शाळेपासून कोड लिहिणारी मुलेही असतात. मोकळा प्रकल्प दिला की दुसरा गट काम करतो आणि पहिला बघत राहतो.

याला संशोधनाचा आधार आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार माणसाच्या मनाला एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी धरून ठेवता येतात. नवशिक्याला एकाच वेळी भाषा, साधन, हार्डवेअर आणि समस्या असे चार अनोळखी विषय दिले, तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते. त्याऐवजी पूर्ण सोडवलेले उदाहरण समोर ठेवावे, ते ओळीओळीने समजून घ्यायला लावावे, मग अर्धे सोडवलेले द्यावे आणि त्यानंतर कोरा कागद द्यावा. पुढे २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी, मार्गदर्शन अगदी कमी ठेवणाऱ्या सर्वच पद्धतींवर याच आधारावर सविस्तर टीका केली. प्रकल्पाला माझा विरोध नाही, क्रमाला आहे.

कृष्णाकाठ

उत्तराताई, क्रम पटला. पण सहा महिने नुसती सोडवलेली उदाहरणे पाहून शिकण्याची इच्छा टिकत नाही, हेही खरे आहे. आमच्या वर्गातील निम्मी मुले पहिल्या चाचणीपूर्वीच मनाने बाहेर पडली होती.

उत्तरा_स

सहा महिने असे मी म्हटलेले नाही. एका संकल्पनेला दोन-तीन तासिका पुरतात. उदाहरण पाहणे, अपुरे उदाहरण पूर्ण करणे आणि आपले काही रचणे हे चक्र दर आठवड्याला फिरू शकते.

माळरान

पाया आधी की प्रकल्प आधी हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी हाताळला गेला आहे आणि त्याचे एक चालते-बोलते उत्तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. करून, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वरच्या पदावर काम करून ते अवर्षणप्रवण गावात राहायला आले, ते शिक्षणाचा हा प्रयोग करण्यासाठी. तिथून पुढे आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय अनेक माध्यमिक शाळांमध्ये शिकवला जातो. आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांपैकी एकात मुले प्रत्यक्ष काम करतात : वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी.

मी अशा एका शाळेत काही वर्षे निदेशक होतो. या पद्धतीतील दोन गोष्टी मला या धाग्यासाठी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे मुलांनी केलेले काम गावासाठी असते आणि त्याचा मोबदला घेतला जातो. शाळेने कोणाला लोखंडी स्टँड करून दिला आणि तो डुगडुगला, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तो परत घेऊन येते. त्या मुलाला कोन काटकोनात का हवा हे सांगावे लागत नाही, तो स्वतः गुण्या शोधून आणतो. गुणपत्रिकेतल्या दोन गुणांना ही ताकद नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च मुले स्वतः काढतात : सामान, वीज, मजुरी, घसारा. अ‍ॅपच्या प्रकल्पात हा हिशेब मी क्वचितच पाहिला आहे. सर्व्हरचे भाडे कोण भरणार, फोनचा डेटा किती खर्च होणार, शिकवणाऱ्याने सत्र संपल्यावर ते अ‍ॅप कोणाच्या हवाली करायचे, हे विचारले की प्रकल्पाचा आकार आपोआप आवाक्यात येतो.

उत्तराताईंच्या मुद्द्याचे उत्तरही यात आहे असे मला वाटते. निदेशक आधी वेल्ड करून दाखवतो, मग मूल भंगाराच्या तुकड्यावर हात बसवते आणि मगच गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावते. म्हणजे दाखवणे, सराव आणि प्रकल्प हे तिन्ही आहेत, पण गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने जगात फॅब लॅब (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळा) उभारायला सुरुवात केली तेव्हा अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ मध्ये पाबळला झाली. हाताने काम करण्याची सवय तिथे आधीपासून होती, म्हणून नवी यंत्रे तिथे रुजली.

उत्तरा_स

माळरान, गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे पण काम सराव झाल्यावर हाती द्यावे, हे मला पूर्ण मान्य आहे. धागाकर्त्यांनी मांडलेल्या रूपापेक्षा हे रूप अधिक नेमके आहे.

मृण्मयी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते, त्यामुळे साधनाच्या प्रश्नावर लिहिते. अँड्रॉइड स्टुडिओ हे कोड लिहून अ‍ॅप बनवण्याचे साधन आमच्या संगणकांवर उघडतच नाही. त्याला किमान आठ जीबी रॅम लागते आणि आमच्याकडे त्याच्या निम्मीही नाही. एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर मात्र ब्राउझरमध्ये चालते. हॅल एबलसन यांच्या पुढाकाराने ते गूगलमध्ये सुरू झाले आणि २०१२ पासून एमआयटीकडे आहे. ठोकळे जोडून अ‍ॅप तयार होते, फोनवर कंपॅनियन नावाचे अ‍ॅप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की केलेला बदल त्याच क्षणी फोनवर दिसतो. मुलीने बटणाचा रंग बदलला आणि तिच्या हातातल्या फोनवर तो बदलला, त्या वेळचा तिचा चेहरा पाहिला की साधनाविषयी फार चर्चा उरत नाही. धारावीतील मुलींनी याच साधनावर सामायिक नळावरची पाणी भरण्याची पाळी कळवणारे अ‍ॅप केले होते. विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता.

आमच्या मुलींनीही पाण्याचाच विषय निवडला : गावात टँकर आला की वस्तीवरच्या बायकांना मराठीत एसएमएस जावा. पहिल्याच चाचणीत एका संदेशाचे दोन संदेश म्हणून पैसे कापले गेले. शोधल्यावर कळले की इंग्रजीतला एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरी युनिकोडमध्ये असल्यामुळे मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक चिन्ह त्यात वेगळे मोजले जाते. मग मुलींनी वहीत एकेक चिन्ह मोजत ‘टँकर आला. शाळेजवळ. एक तास थांबेल.’ असा मजकूर तयार केला. नेमके लिहिण्याचा इतका चांगला मराठीचा तास मी दुसरा घेतलेला नाही.

एक खंतही नोंदवते. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मी पाहिलेल्या एका शाळेत ते सगळे साहित्य कुलूपबंद कपाटात आहे, कारण हरवले किंवा बिघडले तर भरून कोण देणार अशी भीती आहे. बिघडणारे साहित्य खर्चात धरल्याशिवाय प्रयोगशाळा चालत नाही, हे लेखापरीक्षणाच्या नियमांतच यायला हवे.

मांडवीकर

मृण्मयी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. आमच्या गोव्यात सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्यासाठी राज्य शासनाची ‘केअर्स’ योजना आहे. माझ्या पाहण्यात फरक साहित्याने पडत नाही, शिक्षकाने पडतो. ज्याने स्वतः जोडणी करून बिघडवली आणि पुन्हा नीट केली आहे, तो शिक्षक कपाट उघडे ठेवतो.

तारतंत्री

अगदी. आणि बिघाड स्वस्तात कसा ठेवायचा हेही शिकवता येते. जमिनीतील ओलावा मोजणारा दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर घ्या. त्यातून सतत वीज वाहत ठेवली तर विद्युत-अपघटनाने एक दांडी काही आठवड्यांत झिजून जाते. सेन्सरला थेट पाच व्होल्टवर न जोडता आर्डुइनोच्या एका डिजिटल पिनवरून फक्त मोजण्यापुरती वीज दिली की तो कितीतरी जास्त टिकतो. मी हे आधी सांगत नाही. झिजलेली दांडी मुलांनी स्वतः उपटून पाहावी लागते, मगच रसायनशास्त्रातले अ‍ॅनोड-कॅथोड त्यांना आठवतात.

प्रवाही

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि परीक्षक म्हणून महाविद्यालयांत जातो. खरा वापरणारा असावा ही अट मला मोलाची वाटते, पण तिच्याबरोबर येणारी जबाबदारी कोणी अजून लिहिलेली नाही, म्हणून लिहितो.

रक्तदात्यांची यादी ठेवणारे अ‍ॅप हा प्रकल्प मी वारंवार पाहतो. मुले गूगलच्या फायरबेस सेवेचा ऑनलाइन डेटाबेस घेतात आणि तो चाचणी अवस्थेत सुरू करतात. या अवस्थेत ३० दिवस कोणीही, कोठूनही, सगळी माहिती वाचू शकतो आणि बदलूही शकतो. मुदत संपली की अ‍ॅप बंद पडते, आणि इंटरनेटवर शोधले की पहिले उत्तर मिळते ते नियम कायमचे उघडे करण्याचे. एका गटाने गावातील खऱ्या लोकांची नावे, रक्तगट आणि फोन क्रमांक अशा उघड्या डेटाबेसमध्ये भरले होते. मी लॅपटॉपवर पत्ता टाकून सगळी यादी त्यांच्यासमोर उघडली. वर्गात एकदम शांतता पसरली, आणि त्यानंतर जो प्रश्नांचा ओघ सुरू झाला तो तासभर थांबला नाही. प्रवेश कोणाला, वाचण्याचा अधिकार कोणाला, बदलण्याचा कोणाला, ज्याची माहिती आहे त्याने ती काढून टाका म्हटले तर काय करायचे.

वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मृण्मयी यांच्या आठवीच्या वर्गालाही हे लागू पडू शकते. पूल बांधणाऱ्याला भार मोजायला आपण शिकवतो, तसे अ‍ॅप बांधणाऱ्याला माहितीची राखण शिकवलीच पाहिजे, आणि ती पहिल्या खऱ्या नोंदीच्या आधी.

मृण्मयी

धन्यवाद, प्रवाही. आमच्या अ‍ॅपमध्ये फोन क्रमांक फक्त पाठवणाऱ्या बाईंच्याच फोनवर राहतात, सर्व्हरवर जात नाहीत. तरीही ज्यांचे क्रमांक आहेत त्यांची लेखी संमती घेतलेली नाही. ती आता घेऊ.

सायली_अभियंता

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. गटातल्या गुणांचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

चौघांच्या गटात काम कसे वाटले जाते हे शिक्षकांना बहुधा दिसत नाही. ज्याला आधीपासून येते तो कोड लिहितो, कारण मुदत जवळ असते आणि शिकवत बसायला वेळ नसतो. सोल्डरिंग गन मुलांच्या हातात राहते. ब्लॅक बुक, सादरीकरणाच्या स्लाइड आणि ‘तुझे अक्षर चांगले आहे’ म्हणून वहीचे काम मुलींकडे येते. माझ्या पहिल्या दोन प्रकल्पांत मी एकही ओळ कोड लिहिला नाही आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते शिक्षण माझ्याकडून काढून घेतले गेले होते.

तिसऱ्या प्रकल्पाला ज्या मॅडम होत्या त्यांनी दर दोन आठवड्यांनी भूमिका बदलायला लावल्या. कोड, जोडणी, चाचणी, लेखन. शिवाय तोंडी परीक्षेत ज्याने जो भाग केला नाही त्याच भागावर त्याला प्रश्न विचारला जाईल, असे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले. त्यामुळे ज्याला येते त्याला दुसऱ्याला समजावणे भाग पडले. मोटार सुरू केली की आर्डुइनो दर वेळी का रीसेट होतो हे मी स्वतः मल्टिमीटर लावून शोधले : मोटारीला बोर्डावरूनच वीज दिल्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली जात होते. वेगळी बॅटरी दिली, दोन्हींचे ग्राउंड जोडले आणि काम झाले. त्या दिवसापासून मी कोणाला गन मागितलेली नाही, माझी स्वतःची आहे.

कृष्णाकाठ

सायली, हा प्रतिसाद आमच्या विभागातील प्रत्येक शिक्षकाला वाचायला देणार आहे.

प्रवाही

सायली यांच्या मॅडमची पद्धत परीक्षकालाही उपयोगी आहे. मी त्यात एक जोड देईन. कोड गिटवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, ठेवायला लावावा आणि तोंडी परीक्षेत मधलीच कोणतीही जुनी नोंद उघडून ‘हे का बदलले?’ असे विचारावे. उतरवून घेतलेल्या प्रकल्पात सगळा कोड एकाच रात्री आलेला दिसतो.

अवजार (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराताई आणि माळरान यांच्यामुळे माझे पहिले मत मी बदलतो आहे. गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात, सोडवलेली उदाहरणे आणि सराव त्यानंतर, आणि प्रत्यक्ष रचना चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, असे या सत्राचे नियोजन करतो. सुरुवातीचे आठवडे अ‍ॅप इन्व्हेंटर आणि नंतर कोटलिन ही प्रोग्रॅमिंग भाषा. अभ्यासक्रमाला कोटलिन किंवा जावा हवेच, पण घटना घडली की काय करायचे हा विचार ठोकळ्यांतून पक्का झालेला असेल.

गुणांकनात अंतिम अ‍ॅपला निम्म्यापेक्षा कमी वजन ठेवतो. उरलेले गुण चाचणीच्या नोंदवहीला, वापरणाऱ्याने सांगितलेल्या अडचणींवर काय केले याला, आणि सायली यांनी सांगितलेल्या पद्धतीच्या तोंडी परीक्षेला. गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्यातून अ‍ॅप प्रसिद्ध करायचे तर आता चाचणी करणारे किमान १२ जण सलग १४ दिवस त्याच्या मर्यादित चाचणीत सहभागी असावे लागतात. सगळ्या गटांनी प्रसिद्ध करावे असा आग्रह नाही, पण हीच अट मी वर्गातही लावणार आहे.

एक तांत्रिक अडचण विचारून घेतो. आमच्या प्रयोगशाळेत कंपॅनियन क्यूआर कोड स्कॅन करते, पण जोडले जात नाही. घरी तोच फोन, तोच लॅपटॉप व्यवस्थित चालतो.

मृण्मयी

फोन आणि संगणक एकाच वायफायवर असले तरी बऱ्याच संस्थांच्या राउटरवर एका उपकरणाने दुसऱ्याशी बोलू नये अशी सेटिंग केलेली असते. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. नेटवर्क पाहणाऱ्या व्यक्तीला प्रयोगशाळेपुरते वेगळे नेटवर्क करून त्यावर ती सेटिंग काढायला सांगा. तोपर्यंत एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप आणि चाचणीचा फोन दोन्ही त्यावर जोडा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर यूएसबी केबलनेही जोडता येते, त्यासाठी संगणकावर एआय स्टार्टर हा जोडणीचा साहाय्यक प्रोग्रॅम आधी सुरू करावा लागतो.

तारतंत्री

आणि पुढे ब्लूटूथ मॉड्यूल जोडाल तेव्हा एचसी-०५ या मॉड्यूलच्या आरएक्स (माहिती घेणाऱ्या) पिनवर आर्डुइनोचे पाच व्होल्ट थेट देऊ नका, ती ३.३ व्होल्टची आहे. एक किलो-ओहम आणि दोन किलो-ओहम असे दोन रोधक लावून व्होल्टेज विभागून घ्या. जोडताना संकेतांक बहुधा १२३४ असतो. हे मॉड्यूल आयफोनशी जोडले जात नाही, त्यामुळे गटात निदान एक अँड्रॉइड फोन आहे ना, हे गट पाडतानाच पाहून घ्या.